रुग्णाच्या शब्दांत

सुरतेच्या डिंडोली भागातल्या ट्रस्टच्या दवाखान्यात मी केसपेपर काढायच्या कामाला लागलो, तेव्हा पहिल्या दोन महिन्यांत सिस्टर माझ्याशी चारेक वाक्यं बोलल्या असतील. त्यातली तीन पंख्याबद्दल होती. "भाऊ, पंखा बंद करा." मे महिना होता. खोलीला वर पत्रा, बाहेर बाकांवर दाटीवाटीनं बसलेली माणसं. मी पंखा बंद करायचो, थोड्या वेळानं कोणीतरी येऊन चालू करायचं. मग सिस्टर हातातलं पेन टेबलावर ठेवायच्या आणि पंखा पुरता थांबेपर्यंत पुढचा पेशंट घ्यायच्या नाहीत. कारण विचारलं तर म्हणायच्या, "कागद उडतात." कागदांवर त्यांनी वरवंट्याचा तुटका तुकडा ठेवलेला असायचा. एकही कागद कधी उडाल्याचं मला आठवत नाही.

त्यांचं काम डॉक्टरांच्या आधी पेशंटची तक्रार लिहून घेण्याचं. आमच्या केसपेपरवर एक रकाना होता, 'तक्रार, रुग्णाच्या शब्दांत'. दुसरीकडे त्या रकान्यात पोटदुखी, ताप, खोकला असं लिहितात आणि मोकळे होतात. सिस्टर खरोखरच रुग्णाचे शब्द लिहायच्या, अवतरणचिन्हं घालून. 'छातीत कोणी बॉबिन भरतंय असा आवाज येतो.' 'जेवण वर येतं, दार वाजवतं आणि परत जातं.' 'पाय माझे आहेत असं वाटत नाही, शेजारणीचे वाटतात.' आमचे डॉक्टर मूळचे भावनगरकडचे. सिस्टरांचे कागद वाचून वाचूनच त्यांना देवनागरी सफाईनं यायला लागली. एखादं वाक्य अडलं की ते आतून हाक मारायचे, "बेन, आ शेजारीण एटले?" सिस्टर जागेवरून हलायच्या नाहीत. डॉक्टर स्वतः उठून बाहेर यायचे, तेव्हा त्या अर्थ सांगायच्या. हाकेला ओ देणं त्यांच्या स्वभावात नाही, असं सगळ्यांनी धरून चाललेलं होतं. लॅबमधला माणूस त्यांना पाठीमागे 'कलेक्टर' म्हणायचा.

फोनही घ्यायच्या नाहीत. टेबलावरचा फोन वाजला की माझ्याकडे बघायच्या. कोणी फोनवर तब्येत सांगायला लागलंच तर त्यांचा निरोप ठरलेला, "माणूस समोर पाठवा." पेशंटची खुर्ची त्यांनी खिडकीकडे तोंड करून ठेवली होती, म्हणजे उजेड थेट चेहऱ्यावर पडायचा. तोंडावरचा मास्क, ओढणी, रुमाल काढल्याशिवाय प्रश्न विचारायच्या नाहीत. "चेहऱ्याचा रंग दिसायला हवा," म्हणायच्या. नव्या आलेल्या शिकाऊ डॉक्टरांना हे मोठं शहाणपण वाटायचं आणि ते वहीत टिपून घ्यायचे.

प्रश्नही त्यांचा स्वतःचा होता. काय होतंय, असं त्या विचारायच्या नाहीत. "काल-परवापर्यंत काय जमत होतं, जे आता जमत नाही?" माणसं आधी गोंधळायची. मग मागावर काम करणारा एखादा कारागीर सांगायचा, "पूर्वी आठ लूम बघायचो, आता सहावर दम लागतो." एखादी बाई म्हणायची, "फळीवरचा पिठाचा डबा काढता येत नाही." सिस्टर ते तसंच्या तसं लिहायच्या. त्या डब्यावरून डॉक्टरांनी खांद्याचं दुखणं ओळखलेलं मी पाहिलं आहे.

त्यांच्याबद्दल जे थोडंफार कळलं, ते त्यांच्याच तोंडून, तुकड्यातुकड्यानं. वडील अमळनेरकडून सुरतेला आले ते लूम चालवायला. लूमच्या कारखान्याला इथे सगळे खातं म्हणतात. त्या खात्याच्या माळ्यावरच कुटुंब राहायचं. खाली दिवसभर यंत्रं धडधडायची, वर आई भाकरी थापायची. चाळिशीतच वडिलांना ऐकू येईनासं झालं. पण खात्यात कोणाचं काही अडायचं नाही, कारण तिथे कोणीच कानांनी बोलत नाही. ओठ बघून बोलायचं, बोटं दाखवून बोलायचं. "आमच्या घरात भांडणसुद्धा आवाजाशिवाय व्हायचं," असं सिस्टर एकदा म्हणाल्या होत्या. त्यांनी धुळ्याला नर्सिंग केलं आणि परत सुरतेला आल्या. बाकी नवरा, सासर याबद्दल कधी बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

मग दवाखान्यात एआय आलं.

सुरुवात एक्स-रेच्या खोलीपासून झाली. छातीची फिल्म काढली की संगणकच आधी बघायचा आणि संशयाच्या जागी लाल चौकट करून द्यायचा. क्षयाचे पेशंट लवकर सापडायला लागले, यात शंका नाही. नंतर काही महिन्यांनी ट्रस्टनं ओपीडीसाठी दुसरी व्यवस्था घेतली. सिस्टरांच्या टेबलावर एक टॅब्लेट उभी केली. पेशंट बोलेल ते ती ऐकायची. मराठी, हिंदी, गुजराती काहीही बोला, पडद्याच्या डाव्या बाजूला त्याचं स्वच्छ मराठी उमटायचं आणि उजव्या बाजूला डॉक्टरांसाठी इंग्रजीत दोन-तीन ओळींचा सारांश. खाली एक सूचनाही यायची, पेशंट रांगेत बसू शकतो की लगेच आत घ्यायचा. कंपनीची एक मुलगी तीन दिवस शिकवायला आली. मॅनेजर म्हणाले, आता हातानं लिहायची गरज नाही.

आम्ही सगळे गंमत बघायला बसलो होतो. पंख्याशी ज्यांचं जमत नाही, त्या बाई याचं काय करतील? लॅबवाल्यानं तर सांगून टाकलं की आठवड्यात टॅब्लेट फुटेल.

तसं काही झालं नाही. सिस्टरांना ती टॅब्लेट आवडली. पहिल्या दिवशी त्यांनी अर्धा तास नुसतं पेशंटना बोलू दिलं आणि पडद्यावर उमटणारी अक्षरं बघत राहिल्या. त्या तिला 'कारकून' म्हणायला लागल्या. "कारकुनाला जरा इकडे सरकवा." सकाळी आल्या की पदरानं पडदा पुसायच्या. रकाना मात्र हातानंच भरायचा हट्ट त्यांनी सोडला नाही. फरक एवढाच, की आता त्या पेशंटकडे बघायच्या, पडद्याकडे बघायच्या आणि मग लिहायच्या. काम भराभर व्हायला लागलं. एक दिवस मी विसरून पंखा चालू ठेवला आणि सिस्टर काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही बोलल्या नाहीत. वय झालं, मऊ पडल्या, असं मी मनाशी म्हटलं. टेबलाला टेबल लावून मी इतके महिने बसत होतो, तरी मला त्यापेक्षा जास्त काही सुचलं नाही.

त्या बाई आल्या तो सोमवार होता. सोमवारी गर्दी असतेच. पन्नाशीच्या असतील, घरी साड्यांना स्टोन लावायचं काम करायच्या. बरोबर सून होती, पण ती पैसे भरायच्या रांगेत उभी. बाईंच्या तोंडात मिश्री होती, त्यामुळे त्या तोंडावर पदर धरूनच बोलत होत्या. सिस्टरांनी पदर काढायला सांगितलं. बाईंनी मान हलवली आणि पदर आणखी वर घेतला. मागे माणसं खोळंबली होती. सिस्टरांनी पुन्हा सांगितलं नाही. पडद्याकडे वळल्या.

"मन्हा जीव घाबरा व्हस, बाई," पदराआडून त्या पेशंट बाई म्हणाल्या. "सकायपासून."

आमच्या घरी आई अजून अहिराणीच बोलते. मी उत्तरं मराठीत देतो, माझी मुलं गुजरातीत देतात, पण ऐकलेलं कळतं. मन्हा म्हणजे माझा, व्हस म्हणजे होतो. यंत्राला अहिराणी येत नव्हती आणि येत नाही हेही त्याला माहीत नव्हतं. पडद्यावर ओळ उमटली, 'सकाळपासून मन घाबरतं.' शेजारी इंग्रजीत एंग्झायटी. खाली सूचना, रांगेत बसू शकतात.

सिस्टरांनी ओळ वाचली आणि रकान्यात अवतरणचिन्हांमध्ये लिहिलं, 'मन घाबरतं'. बाईंना बाकावर बसायला सांगितलं आणि पुढचा नंबर पुकारला.

मी हे सगळं पाहिलं. मला वाटलं, सिस्टरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. दुसरं असं वाटलं, की त्यांची चूक काढणारा मी कोण? मी पुढचा केसपेपर काढला, त्यापुढचाही काढला. तेवढ्यात माझं लक्ष बाकाकडे गेलं. बाई भिंतीला डोकं टेकून बसल्या होत्या. कपाळावर घाम होता. डावा हात त्यांनी उजव्या हातानं असा धरून ठेवला होता, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे.

मी सिस्टरांच्या मागे जाऊन म्हणालो, "सिस्टर, त्या बाई मन म्हणाल्या नाहीत."

त्या लिहीतच राहिल्या. मी दोनदा म्हणालो. मग पुढे जाऊन त्यांच्या समोर उभा राहिलो, तेव्हा त्यांनी मान वर केली.

"काय?"

"त्या बाई मन घाबरतं म्हणाल्या नाहीत. मन्हा जीव घाबरा व्हस, म्हणाल्या."

सिस्टर माझ्या तोंडाकडे बघत होत्या. डोळ्यांकडे नव्हे.

"परत म्हणा. सावकाश."

मी परत म्हणालो. त्या उठल्या. पुढच्या दहा मिनिटांत काय काय झालं ते मला सलग आठवत नाही. बाईंना त्यांनी जवळजवळ उचलूनच आत नेलं. ईसीजीचा कागद बाहेर येत असतानाच डॉक्टरांनी गोळी चघळायला दिली आणि गाडी बोलावली. मोठ्या हॉस्पिटलात पोचल्यावर कळलं, हृदयाची एक नळी बंद झाली होती. आणखी उशीर झाला असता तर काय, हे तिथल्या डॉक्टरांनी सुनेला सांगितलं. सुनेनं ते आम्हाला नंतर सांगितलं, राग न धरता. ते ऐकायला जास्त जड गेलं. बाई वाचल्या. महिन्या-दीड महिन्यानं स्वतःच्या पायांनी कागद दाखवायला आल्या.

त्याच सोमवारी दुपारी डॉक्टर माझ्या कॉम्प्युटरवर बसून कंपनीला तक्रार लिहीत होते. यंत्रानं पेशंटचं बोलणं चुकीचं लिहिलं, त्यामुळे धोका झाला वगैरे. मॅनेजर बाजूला उभे होते. दोष कोणाचा हे ठरलं होतं आणि सगळ्यांच्या सोयीचंही होतं. सिस्टर आल्या आणि डॉक्टरांच्या समोर उभ्या राहिल्या.

"साहेब, ते लिहा. पण माझंही लिहा."

"तमारुं शुं, बेन?"

"कारकून चुकला ते खरं. पण मी त्या बाईपासून हातभर अंतरावर बसले होते. मला ऐकायला हवं होतं. मला ऐकू येत नाही."

डॉक्टरांनी हसून मान हलवली. त्यांना वाटलं, गर्दीबद्दल बोलताहेत. सिस्टरांनी तेच वाक्य गुजरातीत सांगितलं. मग डॉक्टरांनी हळूच विचारलं, "केटला वखतथी?"

"त्रण वरस."

तीन वर्षांतल्या पहिल्या वर्षी माणसं पुटपुटतात असं वाटलं, त्या म्हणाल्या. दुसऱ्या वर्षी कळलं. ओठ वाचता येत होते म्हणून निभावलं. टॅब्लेट आली तेव्हा वाटलं, आता चिंता नाही, सगळं लिहूनच येतंय. त्या दिवसापासून पेशंटच्या ओठांकडे बघणंही कमी केलं. हे सांगताना त्यांचा आवाज एरवीसारखाच होता, केसपेपर वाचून दाखवावा तसा.

मला तेव्हा पंखा आठवला. फोन आठवला, खिडकीकडे तोंड केलेली खुर्ची आठवली. शिकाऊ डॉक्टरांनी वहीत टिपलेलं शहाणपण म्हणजे एका बहिऱ्या बाईची तजवीज होती. पण हेही पूर्ण खरं नाही. चेहऱ्यावर उजेड पाडून बघितल्यामुळे कावीळ झालेली कितीतरी माणसं, रक्त कमी असलेल्या कितीतरी बाया त्यांनी दारातच ओळखल्या होत्या. कुठली सवय कानासाठी आणि कुठली कामासाठी, ते मला आजही वेगळं काढता येत नाही. त्यांना तरी येत होतं की नाही, कोण जाणे.

ट्रस्टनं त्यांना काढलं नाही. तक्रार घेण्याचं काम मात्र काही दिवस थांबवलं आणि कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दोन्ही कानांत यंत्रं आली. तीही नव्या तऱ्हेची, आजूबाजूचा गोंगाट आपोआप दाबून समोरच्याचं बोलणं तेवढं पुढे करणारी. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "तुमचा कीबोर्ड केवढा वाजतो, भाऊ. इतके दिवस मला वाटायचं तुम्ही हळू काम करता."

परत टेबलावर बसताना त्यांनी मॅनेजरांपुढे एक अट ठेवली. पडद्यावर जे उमटेल ते पेशंटला मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि त्यानं हो म्हटल्याशिवाय आत पाठवायचं नाही. मॅनेजर म्हणाले, रांग लांबेल. सिस्टर म्हणाल्या, लांबू द्या. डॉक्टरांनी सिस्टरांची बाजू घेतली आणि नियम झाला. रांग खरंच लांबली. लोक कुरकुरले, मग सवयीचे झाले. एका कारागिरानं आपली ओळ ऐकून घेतली आणि म्हणाला, "मी असं नाही बोललो सिस्टर, पण हे माझ्यापेक्षा चांगलं बोललंय. हेच राहू द्या." सिस्टरांनी राहू दिलं नाही. त्याला पुन्हा सांगायला लावलं.

कंपनीची ती मुलगी पुन्हा आली. खानदेशी बायकांचे दुखण्याचे शब्द गोळा करून द्या, म्हणाली, म्हणजे यंत्राला शिकवता येतील. तिनं दोन रकान्यांचा कागद दिला, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. सिस्टर महिनाभर तो घरी नेऊन भरत होत्या. परत दिला तेव्हा मी नजर टाकली. बहुतेक शब्दांपुढे नीट अर्थ होते. 'जीव घाबरा' यापुढे त्यांनी लिहिलं होतं, 'आधी ईसीजी काढा. मग अर्थ विचारा.'

मुलगी म्हणाली, "हा अर्थ नाही होत, मॅडम."

"आमच्याकडे होतो," सिस्टर म्हणाल्या.

सिस्टरांच्या निवृत्तीच्या आधीच्या हिवाळ्यात दवाखान्यानं सुरतेजवळच्या चलथाणला एक शिबिर घेतलं, साखर कारखान्याच्या हंगामात ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांसाठी. मोकळ्या मैदानात झोपड्या, मध्ये आमचं टेबल. टॅब्लेटही नेली होती. तोवर कंपनीनं तिच्यात बऱ्याच सुधारणा केल्या होत्या. अहिराणी ती बरीचशी धरायला लागली होती, चूक पाच वाक्यांत एखादीच.

दुपारी एक तरुण बाई आली, नंदुरबारच्या पलीकडच्या डोंगरातली. पोटावर हात ठेवून काहीतरी सांगायला लागली. ना ती अहिराणी होती, ना मराठी, ना गुजराती. मला एक शब्द कळला नाही. सिस्टरांच्या कानांत दोन्ही यंत्रं होती, त्यांना आवाज स्वच्छ येत होता, पण कळत त्यांनाही नव्हतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. आम्ही दोघांनी पडद्याकडे पाहिलं. डावी बाजू कोरी होती. मग एक ओळ उमटली, 'ही भाषा ओळखता आली नाही. कृपया जाणकार व्यक्तीची मदत घ्या.'

मला वाटलं, त्या वैतागतील. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली.

"कारकून शिकला," त्या म्हणाल्या. "येत नाही म्हणायला शिकला. मला तीन वर्षं लागली."

त्या बाईच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला आणि थांब अशी खूण केली. मग उन्हात उतरल्या आणि एकेका झोपडीपाशी थांबून विचारत गेल्या, या मुलीची बोली कोणाला येते.